जुनी मोटार आणि तिचे पाणी

आपल्या अनेक सभासद बंधूंच्या घरी जुन्या रोजकीर्दी आणि शिसवी पेट्या यांच्या जोडीने वडिलांची किंवा आजोबांची एखादी जुनी मोटारही जपून ठेवलेली आढळते. कोठे ती अ‍ॅम्बॅसेडर असते, कोठे फियाट अथवा पद्मिनी, तर कोठे त्याहूनही जुनी डॉज वा मॉरिस. ज्या गाडीतून वसुलीचे दौरे झाले, जिच्यातून घरच्या लेकी सासरी गेल्या, ती गाडी विकून टाकण्यास मन धजत नाही. अशा गाड्यांपैकी फियाटचा तर आपल्या समाजाशी विशेष संबंध आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडल्या. आज हा सर्व इतिहास झाला आहे. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. म्हणूनच ज्या गाड्या घरोघरी उरल्या आहेत, त्यांची निगा नीट राखणे अगत्याचे झाले आहे.

मोटारीच्या सुट्या भागांचा आमचा व्यापार असल्यामुळे अशा गाड्यांचे मालक आमच्या पेढीवर नित्य येतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "रेडिएटरमध्ये हिरवे कूलंट घालू की लाल?" या प्रश्नास आमचे उत्तर असे, की रंग हा प्रश्नच नव्हे. जुन्या एंजिनाला कोणते कूलंट मानवते हे त्यातील द्रव्यांवर ठरते. ते किती दिवस टिकते हे घातल्याच्या तारखेवर ठरते. आणि काढलेल्या जुन्या कूलंटचे आपण काय करतो, यावर तर प्रसंगी एखाद्या जीवाचे प्राण अवलंबून असतात. या तीन गोष्टी सभासदांपुढे मांडाव्या, एवढाच या लेखाचा हेतू.

पाण्याचे काम

एंजिनात पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातील स्थूलमानाने एक तृतीयांश भाग एंजिनाभोवती खेळणारे पाणी वाहून नेते. सिलिंडरांच्या भोवती बिडाच्या ओतीव ठोकळ्यातच पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्यांतून तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना वाऱ्याने थंड होते आणि खालच्या नळीने पुन्हा एंजिनात जाते. अगदी जुन्या काळी यासाठी पंपही नसे. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल-टी गाडीत, सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, गरम पाणी वर चढते आणि गार पाणी खाली बसते, या निसर्गनियमावरच सारे चालत असे. पुढे पंप आला, थर्मोस्टॅट आला आणि दाब धरून ठेवणारे टोपण आले.

या टोपणाचे महत्त्व पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे, त्यामुळे तेथे उघड्या भांड्यातील पाणी ९७ ते ९८ अंशांसच उकळते. परंतु रेडिएटरच्या टोपणाने दर चौरस इंचास एक पौंड दाब धरला, तर उकळबिंदू सुमारे पावणेदोन अंशांनी वर सरकतो. टोपण ७ पौंडांचे असेल तर १२ अंशांचा लाभ मिळतो. टोपणाची स्प्रिंग मरगळली किंवा आतील रबर चिरले, की हा लाभ गेलाच. मग घाटात गाडी उकळली तर दोष एंजिनास देण्यात अर्थ नाही.

नुसते पाणी का नको?

"आमच्या वडिलांनी आयुष्यभर नळाचे पाणी घातले, गाडीला काय झाले?" असे विचारणारे बंधू आम्हांस भेटतात. त्यांच्या वडिलांच्या काळी गाडी रोज चालत असे, चालक दर आठवड्यास पाणी पाहत असे आणि रेडिएटर बिघडला तर झाळून देणारा कारागीर प्रत्येक पेठेत होता. आजची जुनी गाडी महिनोन् महिने उभी असते. साचलेल्या पाण्यात बीड गंजते, त्या गंजाचा तांबडा गाळ ठोकळ्याच्या तळाशी आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो.

शिवाय या एका पाण्यात निरनिराळे धातू एकत्र नांदत असतात. ठोकळा बिडाचा, रेडिएटर तांब्यापितळेचा, त्याचे सांधे शिसे व कथील यांच्या झाळीचे. अ‍ॅम्बॅसेडरच्या जुन्या १४८९ सी.सी. एंजिनात सिलिंडर हेडही बिडाचेच आहे. परंतु फियाट ११०० व पद्मिनी यांचे हेड अ‍ॅल्युमिनिअमचे असते. क्षारयुक्त पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांशी जोडलेले असले, की विजेच्या बॅटरीत घडते तेच तेथे सूक्ष्म प्रमाणात घडते. त्यांतील दुबळा धातू झिजत जातो. फियाटचे हेड उघडल्यावर पाण्याच्या भोकांच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात, त्याचे कारण हेच.

पाण्याच्या जडपणाचा भाग वेगळाच. आपल्या बहुतेक गावांत आता विंधण विहिरींचे पाणी वापरात आहे. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच थर सिलिंडरच्या भोवतीही बसतो. हा थर उष्णता अडवून धरतो. मग काट्यावर तापमान ठीक दिसत असताही आतील धातू भाजत राहतो.

या हयगयीची परिणती कशी होते, याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. काही वर्षांपूर्वी गोव्याहून बेळगावास लग्नासाठी निघालेली एका गिऱ्हाइकाची जुनी अ‍ॅम्बॅसेडर चोर्ला घाटात उकळली. वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी घातल्याने रेडिएटरच्या निम्म्या नळ्या बुजल्या होत्या. चालकाने घाईने तापलेले टोपण उघडले आणि उसळलेल्या वाफेने त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. इतक्यावर न थांबता कोणी तरी ओढ्याचे गार पाणी त्या तप्त एंजिनात ओतले आणि बिडाच्या ठोकळ्यास तडा गेला. वऱ्हाड दुसऱ्या वाहनाने पोचले, परंतु गाडी दोन वर्षे उभी राहिली. उकळलेल्या गाडीचे एंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसणे, हाच तेथे एकमेव उपाय असतो.

ग्लायकॉल आणि त्यातील औषधे

कूलंटचा मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल. थंड देशांत पाणी गोठून एंजिन फुटू नये म्हणून त्याचा उपयोग सुरू झाला. पूर्वी तेथे मद्यार्क घालीत, पण तो उडून जाई. १९२७ साली अमेरिकेत प्रेस्टोन या नावाने ग्लायकॉल बाजारात आले आणि हळूहळू तेच सर्वत्र रूढ झाले. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी असे मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि टोपणाच्या दाबाशिवायही सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही.

आपल्या प्रदेशात गोठण्याची भीती जवळजवळ नाहीच. मग कूलंट कशासाठी? तर उकळबिंदू थोडा वर नेण्यासाठी, आणि त्याहून अधिक त्यात मिसळलेल्या गंजरोधक द्रव्यांसाठी. ग्लायकॉल हे केवळ वाहन आहे, खरे औषध ही द्रव्ये होत. कालांतराने ग्लायकॉल तसेच राहते, परंतु औषध संपते, आणि ग्लायकॉलचे हळूहळू आम्ल बनून तेच धातूस खाऊ लागते. म्हणूनच "कूलंट अजून स्वच्छ दिसते" हे ते न बदलण्याचे कारण होऊ शकत नाही.

रंगाचा भ्रम

ही औषधे मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार जुना, खनिज क्षारांचा. त्यात सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट यांसारखे क्षार असतात. ते धातूच्या सर्व पृष्ठभागावर लवकर पातळ कवच चढवितात. बीड, तांबे, पितळ, झाळ व अ‍ॅल्युमिनिअम या सर्वांस ते सांभाळतात, परंतु दोन वर्षांत खर्ची पडतात. दुसरा प्रकार सेंद्रिय आम्लांचा. तो १९९० नंतरच्या दशकात अ‍ॅल्युमिनिअमच्या नव्या एंजिनांसाठी प्रचारात आला. तो जेथे गंज धरू लागतो तेवढ्याच जागी काम करतो, त्यामुळे पाच वर्षे वा अधिक टिकतो. तिसरा प्रकार या दोहोंच्या मिश्रणाचा.

दीर्घायुषी म्हणून दुसरा प्रकार अधिक चांगला, असे कोणासही वाटेल. नव्या गाडीस तो चांगलाच आहे. परंतु जुन्या गाडीतील शिशाच्या झाळीस त्याचे संरक्षण तितके लाभत नाही, आणि त्यातील काही आम्ले जुन्या पद्धतीच्या काही गॅस्केटांना व सीलांना मानवत नाहीत. ब्रिटनमधील जुन्या गाड्यांच्या मालकांना गळतीचे अनुभव आल्यामुळे तेथील जाणकार जुन्या एंजिनांसाठी पहिल्या, खनिज क्षारांच्याच प्रकाराचा आग्रह धरतात. आमचेही मत तेच आहे.

रंगाविषयी सांगायचे, तर रंग हा कारखानदाराने घातलेला निव्वळ रंग होय. एके काळी अमेरिकेत हिरवा म्हणजे जुना आणि नारिंगी म्हणजे नवा, असा संकेत होता. ब्रिटनमध्ये जुन्यास बहुधा निळा रंग असे. आज बाजारात हिरव्या रंगाचे सेंद्रिय कूलंटही मिळते. ज्याप्रमाणे डब्यावरील चित्र पाहून तुपाची पारख होत नाही, त्याप्रमाणे रंग पाहून कूलंटची होत नाही.

तेव्हा डबा हातात घेऊन पुढील गोष्टी वाचाव्या. घटक सिलिकेट-फॉस्फेटयुक्त वा असेंद्रिय आहेत, असे लिहिले आहे काय? बदलण्याची मुदत दोन वर्षांची आहे काय? पाच वर्षांची वा दीर्घ मुदत लिहिली असेल तर ते बहुधा सेंद्रिय वा मिश्र प्रकारचे समजावे. भारतीय मानक ५७५९ चा उल्लेख आहे काय? परदेशी डबा असेल तर ब्रिटिश मानक ६५८० चा उल्लेख पाहावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ते मूळ अर्क आहे की पाणी घालून तयार केलेले आहे? तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातल्याने औषधाचे प्रमाण निम्म्यावर येते. ही चूक गॅरेजांत फार आढळते. डब्यावर काहीच लिहिलेले नसेल, तर तो कितीही स्वस्त असला तरी दुकानातच राहू द्यावा. दोन प्रकारची कूलंटे एकमेकांत मिसळणे तर सर्वथा टाळावे. त्याने दोहोंचे गुण मारले जातात, आणि काही वेळा दह्यासारखा साका धरतो.

पाणी कोणते आणि किती?

मूळ अर्कात घालावयाचे पाणी शुद्ध असावे. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारे क्षारविरहित पाणी उत्तम. मात्र बॅटरीचे पाणी आणि बॅटरीचे आम्ल हे दोन्ही एकाच दुकानात, सारख्याच डब्यांत असतात, हे विसरू नये. नोकराच्या हाती निरोप न पाठविता डबा स्वतः वाचून घ्यावा. घरात मिठाने पाणी मऊ करण्याचे यंत्र असेल, तर ते पाणी मुळीच वापरू नये. गोव्याकडील किनाऱ्यालगतच्या विहिरींचे किंचित खारे पाणीही धातूचे वैरीच समजावे.

प्रमाणाविषयी एक समज असा, की अर्क जितका अधिक तितका चांगला. वस्तुतः उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणीच श्रेष्ठ आहे. ग्लायकॉल वाढले की हा गुण उतरतो. मैदानी, उष्ण प्रदेशात एक भाग अर्क व दोन भाग पाणी पुरेसे होते. हिमालयाच्या बाजूस गाडी न्यावयाची असेल, तर निम्मे-निम्मे करावे. एक तृतीयांशाहून कमी अर्क घातल्यास गंजरोधक द्रव्ये अपुरी पडतात, हे लक्षात ठेवावे.

बदलण्याची रीत

काम नेहमी थंड एंजिनावर, शक्यतो सकाळी करावे. गाडीस हीटर असल्यास त्याची कळ गरम बाजूस ठेवावी, म्हणजे त्याच्या नळ्यांतील पाणीही निघेल. गाडीखाली रुंद परात ठेवून टोपण काढावे आणि रेडिएटरच्या तळाची तोटी उघडावी. पुष्कळजण येथेच थांबतात. परंतु बहुतेक जुन्या एंजिनांच्या ठोकळ्यासही एक वेगळी तोटी वा बूच असते. ते न उघडल्यास जुने पाणी बऱ्याच अंशी आतच राहते. तोटी उघडूनही थेंब येत नसेल, तर गाळाने तिचे तोंड बुजले आहे असे समजून आत तार फिरवावी. जे निघाले ते मापून ठेवावे, म्हणजे नवे किती लागेल याचा अंदाज येतो. पुस्तकातील मापापेक्षा ते फारच कमी भरले, तर उरलेले पाणी वा गाळ आत आहे, हे उघड होय.

नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. धुण्याचे पहिले पाणीही परातीतच घ्यावे. थर्मोस्टॅट काढून, रेडिएटरमध्ये खालून वर उलट्या दिशेने, नळीने मंद पाणी सोडल्यास अडकलेला गाळ निघतो. मोठा दाब देऊ नये, जुनी झाळ सुटेल. फार क्षार बसले असतील, तर तीव्र आम्लाचा प्रयोग घरी न करता रेडिएटर उतरवून जाणत्या कारागिराकडे द्यावा. अ‍ॅल्युमिनिअमच्या हेडात तर आम्ल घालण्याचे साहस करूच नये. शेवटचे धुणे शुद्ध पाण्याने करावे.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत आपल्याकडे फार बोकाळली आहे. "आपल्या हवेत तो कशाला?" असे मिस्त्री म्हणतात. परंतु त्याच्यावाचून एंजिन योग्य तापमानास उशिरा येते, पेट्रोल अधिक जळते आणि सिलिंडर झिजतात. त्याची परीक्षा सोपी आहे. पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांस, बहुधा ८० च्या आसपास, तो उघडू लागला तर ठीक, नाही तर नवा घ्यावा. त्याच वेळी रबरी नळ्या दाबून पाहाव्या. फुगलेली, भेगाळलेली वा लिबलिबीत झालेली नळी बदलावी. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून ओल दिसत असेल, तर पंपाचे दिवस भरत आले आहेत.

नवे मिश्रण बाहेरच, स्वच्छ भांड्यात तयार करून सावकाश ओतावे, म्हणजे हवा कोंडत नाही. टोपण न लावता एंजिन मंद चालू ठेवावे. वरची नळी गरम झाली म्हणजे थर्मोस्टॅट उघडला असे समजावे. पाणी खाली जाईल तेवढी भर घालून टोपण लावावे. काठोकाठ भरू नये. रेडिएटरच्या गळ्यापासून सुमारे एक इंच जागा फुगण्यासाठी सोडावी. पहिल्या फेरीनंतर, एंजिन निवाल्यावर, पुन्हा पाहावे. नव्या कूलंटने क्वचित जुनी गळती प्रकट होते. ग्लायकॉल बारीक फटींतूनही झिरपते. गंजाने बुजलेले छिद्र उघडे पडले, तर त्याचा दोष कूलंटचा नव्हे.

गोड विष

आता सर्वांत महत्त्वाचे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आहे आणि ते विष आहे. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे दीड मिलिलिटर एवढे ते प्राणघातक ठरते. म्हणजे पंजा बुडवून चाटण्याइतका अंशही धोक्याचा आहे. शरीरात गेल्यावर यकृतात त्याची आम्ले बनतात, आणि शेवटी मूत्रपिंडांत ऑक्झॅलेटचे स्फटिक साचून ती बंद पडतात. आरंभी प्राणी झिंगल्यासारखा चालतो, मग बरा झाल्यासारखा दिसतो आणि दोन-तीन दिवसांत दगावतो. आमच्या परिचयाच्या एका वखारीत कूलंट काढलेली परात रात्री तशीच राहिली. वखारीची राखण करणारे कुत्रे सकाळी लडखडत होते. ऊन लागले असावे असे सर्वांनी मानले. तिसऱ्या दिवशी ते गेले. परातीतील पातळी उतरलेली कोणी पाहिलीच नव्हती.

लहान मुलांच्या बाबतीत हा धोका तितकाच खरा आहे. रंगीत व गोड पेय शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तत्काळ सोडावी. कोणाच्या पोटात ते गेल्याचा संशय जरी आला, तरी लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे आणि डब्याची चिठ्ठी बरोबर न्यावी. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांतच गुणकारी ठरतो. जनावराच्या बाबतीत पशुवैद्यास तसेच स्पष्ट सांगावे.

जुने कूलंट गटारात, अंगणात वा झाडाच्या मुळाशी ओतू नये. त्यात ग्लायकॉलखेरीज झाळीतून उतरलेले शिसेही असते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून वर "विष" असे मोठ्या अक्षरांत लिहावे, जुन्या तेलात मिसळू नये, आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत सेवाकेंद्राकडे द्यावे. सांडलेले असेल तेथे माती वा भुसा टाकून शोषून घ्यावे, तो उचलावा व जागा भरपूर पाण्याने धुवावी.

आणखी एक उपाय सुचवितो. जुन्या रेडिएटरची जादा पाण्याची नळी सरळ रस्त्यावर सोडलेली असते. गाडी तापली की त्यातून कूलंट जमिनीवर सांडते. त्या नळीखाली एक झाकणाची बाटली बसवून घ्यावी. खर्च अल्प आहे, गाडीचे रूप बिघडत नाही, आणि वाटेवरच्या मुक्या जीवास अपाय होत नाही. ज्या समाजाने गावोगावी पांजरपोळ उभारले, त्या समाजाच्या गाड्यांखाली हे विष सांडलेले असू नये. प्रोपिलीन ग्लायकॉलचे कमी विषारी कूलंटही मिळते. घरात मुले-जनावरे असतील तर त्याचा विचार जरूर व्हावा. मात्र त्यातील गंजरोधके जुन्या एंजिनास योग्य आहेत, याची खात्री करून घ्यावी.

हिशेबाची बाब

व्यापारी माणसास शेवटी हिशेब पटतो. दोन वर्षांतून एकदा काही लिटर कूलंट, थोडे शुद्ध पाणी आणि एक सकाळ, एवढा हा खर्च. तो चुकविला तर रेडिएटर, हेड आणि प्रसंगी सबंध ठोकळा गमवावा लागतो. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी शासनाने २०२१ साली स्वतंत्र नोंदणीचे नियम केले आहेत. तेथे गाडी मूळ स्वरूपात राखलेली असणे हीच मुख्य अट आहे. मूळ ठोकळा फुटल्यावर त्याच्या जोडीचा दुसरा मिळविणे किती कठीण झाले आहे, हे आम्ही आमच्या पेढीवर रोज पाहतो.

तेव्हा यंदाच्या दिवाळीच्या वहीपूजनाच्या वेळी गाडीसाठीही एक लहान वही घालावी. तिच्यात कूलंट कोणत्या दिवशी घातले, कोणत्या प्रकारचे, किती लिटर व कोणत्या प्रमाणात, हे लिहून ठेवावे. पुढील पिढीच्या हाती किल्ली जाईल तेव्हा ती वहीही जावी. रंग विचारण्याची वेळ मग तिच्यावर येणार नाही.